बोट निवडायला प्राणहितेकाठी

समुद्रात न्यायची बोट पसंत करायला मी अहेरीकडे गेलो होतो, हे ऐकल्यावर लोक आधी हसतात आणि मग माझ्या तब्येतीची चौकशी करतात. अहेरीपासून समुद्र किती लांब आहे हे मलाही ठाऊक आहे. मी मूळचा कोरपन्याचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, आणि उन्हाळ्यात तेही भांडून मिळायचं. कापसाचं शेत, त्यापलीकडे सिमेंटच्या कारखान्याची चिमणी आणि पावसाळ्यापुरता वाहणारा एक नाला, एवढ्या शिदोरीवर मी जहाजावर इंजिनिअर झालो आणि अठ्ठावीस वर्षं तिथं काढली.

निवृत्त होऊन चंद्रपुरात घर केलं तेव्हा सगळे म्हणाले, गड्या, तू जग पाहिलंस. मी जग वगैरे काही पाहिलं नाही. मी इंजिनरूम पाहिली. पाण्याच्या पातळीखाली, कानात बोळे घालून, तेलाच्या वासात मी पाच खंडांच्या बंदरांना जाऊन आलो, आणि वर डेकवर आलो तो बहुतेक वेळा बंदर लागल्यावरच. म्हणून निवृत्तीनंतरची एकच इच्छा होती. एक शिडाची बोट घ्यायची, गोव्याहून निघायचं, लक्षद्वीप, मालदीव, जमलं तर त्याच्याही पुढे, आणि या वेळी समुद्र वरून पाहायचा. महिनोन्महिने. सोबत शालू, म्हणजे माझी बायको.

शालूने ही इच्छा दोन वर्षं शांतपणे ऐकून घेतली. गोव्यात नदीकाठच्या एका बोटयार्डात दोन जुन्या बोटी विकाऊ आहेत असं कळलं तेव्हा ती माझ्यासोबत पाहायलाही आली. पहिली चव्वेचाळीस फुटी, पांढरीशुभ्र, आत सागवानी फर्निचर, शीड चढवायला विजेचं विंच. दुसरी बत्तीस फुटी, लोखंडी, ठेंगणी, रंग एसटीच्या जुन्या गाडीसारखा. मी पहिलीच्या प्रेमात पडलो, हे कबूल करतो. रात्री जेवताना मी तिच्याविषयी इतकं बोललो, की वेटरनेही कौतुक केलं.

शालू म्हणाली, "मी येईन तुमच्यासोबत. पण घ्याची ते नाव मी पसंत करीन, आनं तेही पोचूमामाले विचारून. नाई जमत असन तं तुमी एकटे जा. मी राग नाई मानणार."

ती असं आवाज न चढवता बोलली की समजावं, पुढे वाद नाही. एकट्याने जाण्यात मला काडीचा रस नव्हता. आणि दलालाला रविवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. चव्वेचाळीस फुटीला दुसरं गिऱ्हाईक होतं. असे आम्ही चंद्रपूरला परतून गुरुवारी सकाळी दोन नारिंगी लाइफ जॅकेटं गाडीत टाकून समुद्राच्या बरोबर उलट्या दिशेला निघालो.

आष्टीचा पूल

पोचूमामा शालूचे सख्खे मामा नव्हेत. तिचे वडील प्राणहितेकाठच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. त्या गावातलं बौद्धांचं तेवढं एकच घर. पोचूमामा गावचे ढिवर, म्हणजे मासेमारी आणि नाव चालवणं हा पिढीजात धंदा. मास्तरांनी त्यांना सही शिकवली, त्यांनी मास्तरांच्या पोरीला नदी शिकवली, आणि त्यातून हे मामापण आलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मामांना बिनकामाचे पाहुणे आवडत नाहीत. मी जावई असल्यामुळे चालतो.

गोंडपिपरीला तर्री-पोहे खाल्ले. इतके तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि शालूने शांतपणे आणखी तर्री मागितली. डिसेंबरचे दिवस. बल्लारपूर मागे पडलं की कोळशाची धूळ संपते आणि हवेला वाळलेल्या गवताचा वास येऊ लागतो. कापूस हळूहळू कमी होतो, धान वाढतं. शेतांत कापणी झालेली, बांधांवर धानाचे गोल पुंजणे रचलेले. आमच्या कोरपन्याकडे या दिवसांत बाया कपाशी वेचत असतात आणि प्रत्येकीच्या पाठीवर पांढरं गाठोडं दिसतं. इथं डोक्यावर पिवळे भारे. मला हा बदल नेहमी आवडतो.

आष्टीला वैनगंगेच्या पुलावर शालूने गाडी थांबवायला लावली. जवळच चपराळ्याला वर्धा येऊन वैनगंगेला मिळते आणि तिथून पुढे दोघींना मिळून प्राणहिता म्हणतात. खाली पात्रात एक माणूस डोंग्यात उभा राहून जाळं फेकत होता. डोंगा म्हणजे एका झाडाच्या खोडातून कोरलेली लांबोडकी होडी. शालू कठड्याला टेकून त्या माणसाकडे खूप वेळ पाहत राहिली.

"काय पाहून राह्यली?" मी विचारलं.

"त्याचे पाय," ती म्हणाली. "हात तं कोनीही पाह्यते."

मी इंजिनाचा माणूस. मला पाय दिसलेच नव्हते. नंतर पाहिले. जाळं फेकताना त्याचा उजवा पाय डोंग्याच्या काठावर असा दाबला जायचा, की डोंगा त्याच्या बाजूला झुकायच्या आधीच सावरला जायचा.

आलापल्लीच्या सागाच्या जंगलातून जाताना मी तिला पुन्हा एकदा चव्वेचाळीस फुटीचे फायदे सांगितले. आत उभं राहता येतं, मोठं स्वयंपाकघर आहे, गोडं पाणी जास्त मावतं. ती हूं हूं करत होती. तिचं हूं म्हणजे होकार, अशी माझी लग्नानंतरची पहिली पाच वर्षं समजूत होती.

मामांचं अंगण

अहेरीच्या खालच्या अंगाला, नदीपासून पन्नास पावलांवर मामांचं घर. गावाच्या तोंडाशीच बैलगाडीच्या चाकोरीत आमच्या गाडीचं पोट टेकलं आणि चौघांनी उचलून ती बाहेर काढली. असं आगमन झाल्यावर मोठमोठ्या गोष्टी करणं अवघड जातं.

मामा पंच्याहत्तरीच्या पुढचे. अंगावर बनियन, कमरेला लुंगी, डोळे पाण्याच्या चकाकीने कायमचे बारीक झालेले. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाण्याचा तांब्या देतात. इथं मामीने आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग प्यायला. "चपला नदीले चालत नाई, पायाची धूळबी नाई चालत," असं म्हणून मामा हसले. ते नदीत पाय टाकण्याआधी पाणी कपाळाला लावतात. मी आणि शालू तसं करत नाही, आमच्या घरी ती रीत नाही, पण चपला आम्हीही काठावर काढतो. मामांना तेवढं पुरतं.

जेवायला तांदळाची भाकर, मरळ माशाचा रस्सा आणि पोपटाच्या शेंगांची भाजी. पोपट म्हणजे वाल. पुण्याच्या एका मित्राला मी पोपटाची भाजी खाल्ली म्हणून सांगितलं होतं, तर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. मामी भाकरीमागून भाकर वाढत होती आणि नाही म्हटलं की चुलीकडे पाहून म्हणत होती, "चंद्रपूरची मानसं पाखरावानी खाते."

जेवण झाल्यावर मी फोनवर दोन्ही बोटींचे फोटो उघडले आणि मामांसमोर धरले. मी तयारी करून आलो होतो. कोणत्या बोटीचं शीड किती मोठं, तळाला वजन किती, वादळात कोणती कशी वागते, सगळं मराठीत पाठ केलं होतं. मामांनी फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि पहिला प्रश्न विचारला.

"पान्यातून वर कुठून चढाचं?"

"मागून शिडी आहे मामा. हे पाहा, स्टीलची."

"लाट असन तं मागचा भाग वर-खाली होते. डोक्शावर बसन ते शिडी."

"बाजूनं येता येतं मग."

"बाजू किती उंच?"

मी हात उंचावून दाखवलं. शालूने माझा हात धरून आणखी वीतभर वर नेला. मामांनी मान हलवली आणि दुसरा फोटो पाहिला, त्या एसटीच्या रंगाच्या बोटीचा. तिची बाजू किती उंच ते शालूने स्वतःच्या मांडीवर हात ठेवून सांगितलं.

"मोठीत सारं बटणावर आहे मामा," मी म्हटलं. "शीड चढवाचं तं बटण. नांगर उचलाचा तं बटण. शालूले कायीच जोर लावा लागत नाई."

"बटण बंद पडलं तं?"

"मी आहो नं. अठ्ठावीस वर्षं तेच केलं. अर्ध्या घंट्यात दुरुस्त करीन."

"आनं तूच पान्यात असशीन तं?"

मी फोन परत घेऊन खिशात घातला. मामांनी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढली. शालूने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती कोंबड्यांना भाकरीचा तुकडा टाकत होती.

"उद्या सकाळी पाहू," मामा म्हणाले. "आमच्यात नाव घ्याच्या आधी घरचा मानूस पान्यात टाकून पाह्यते. फोटो पाहून सोयरीक होत असन तुमच्याकडं, नाव नाई."

नदीवर

सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही काठावर गेलो. प्राणहिता या दिवसांत संथ असते. पाणी हिरवट, तळाची वाळू दिसते, पलीकडे तेलंगणातली ताडाची झाडं. पूल व्हायच्या आधी इकडची माणसं, मोटारसायकली, बकऱ्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळं नावेतून जायचं. आता घाटावर शुकशुकाट असतो. मामांचा मुलगा मल्लेश याने मात्र एक मोठी फळ्यांची नाव ठेवली आहे, इंजिन लावलेली, उंच बाजूंची. रेती आणि लाकूडफाटा तीत चांगला मावतो. मामांची स्वतःची म्हणजे दोन जुने डोंगे, आडव्या बांबूंनी एकमेकांना बांधलेले. यावरूनच मोटारसायकली पार व्हायच्या.

"मगर आहे का इथी?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"होत्या," मामा म्हणाले. "आता मानसं लय झाली, त्यायले जागा नाई पुरली."

आधी मल्लेशची नाव. मल्लेशने आम्हाला मधोमध नेऊन इंजिन बंद केलं. मामा एका टोकाला हाताची घडी घालून बसले आणि मला म्हणाले, "जवाईबापू, जॅकेट घाला आनं पडा. आनं मेल्यावानी राह्याचं. हातपाय नाई मारायचे. पोरगी काढते काय पाहू."

मी पडलो. पाणी इतकं गार होतं की मेल्यासारखं राहायला फार अभिनय लागला नाही. वर पाहिलं तर नावेची बाजू भिंतीसारखी, आणि त्या भिंतीवरून शालूचं तोंड. तिने वाकून जॅकेटचा पट्टा धरला. ओढलं. मी छातीपर्यंत वर आलो आणि परत खाली गेलो. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. ओल्या कपड्यांसकट माझं वजन किती झालं असेल कोण जाणे. तिसऱ्या वेळी ती इतकी वाकली की मल्लेश उठला. मामांनी त्याला हाताने खाली बसवलं. चौथ्या वेळी माझा चष्मा नाकावरून सुटला आणि प्राणहितेत गेला. पाचव्यांदा तिने ओढलंच नाही. पट्टा धरून नुसती राहिली.

"नाई होत," ती म्हणाली.

तिच्या आवाजात काहीतरी असं होतं की मी सोंग सोडून दिलं. म्हटलं, राहू दे, मीच चढतो. मग मी चढायला गेलो आणि मलाही चढता आलं नाही. जगातल्या मोठमोठ्या जहाजांच्या पोटात मी शिड्या चढलो-उतरलो आहे. रेतीच्या नावेच्या त्या बाजूला पाय टेकायला जागाच नव्हती. शेवटी मल्लेशने बांबूने रेटत नाव वाळूच्या बेटाजवळ नेली आणि मी पट्ट्याला लोंबकळत, कमरेएवढ्या पाण्यात पाय टेकून उभा राहिलो.

बेटावर उन्हात बसलो. मामी रात्रीची भाकर आणि मिरचीचा ठेचा घेऊन पाठोपाठ जोडडोंग्यातून आली होती, कारण तिला खात्री होती की आम्हाला भूक लागणार. मी थरथरत खात होतो. शालू खात नव्हती. ती आपला उजवा हात उघडून पाहत होती. पट्ट्याने तळव्यावर लाल वळ उठला होता.

"बाबा एकदा पडले होते इथी," ती म्हणाली. "मी बारा वर्षांची होती. परीक्षेच्या पेपराचे गठ्ठे घेऊन येऊन राह्यले होते. वाकले आनं गेले. मी बाही धरली त्यायची. शर्टाची. धरून ठेवली, धरून ठेवली, आनं मंग सुटली."

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली आमच्या. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. तिचे वडील त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, माझ्या मांडीवर नातू ठेवून मला इंग्रजी व्याकरणाच्या चुका दाखवायचे. म्हणजे ते वाचले हे मला ठाऊक होतं. तरीही मी हातातली भाकर खाली ठेवली.

"मामानं काढलं," ती म्हणाली. "माह्या हातानं तं सुटलेच होते नं."

"बारा वर्षांची पोर ते," मामा नदीकडे पाहत म्हणाले. "हात सुटनारच. कोनाचाबी सुटते. हातानं मानूस निंघत नाई, हे तुले तवाच सांगाले पाह्यजे होतं मी. राहून गेलं." ते उठले. "चाल, आता सांगतो."

ते आम्हाला जोडडोंग्यावर घेऊन गेले. त्यावर मामांचं जुनं जाळं पडलेलं होतं, कडेला शिशाच्या गोळ्या नसलेलं, जाड दोऱ्याचं. मोठा मासा किंवा पाण्यात पडलेली बकरी वर घ्यायची त्यांची रीत अशी: जाळ्याची एक कड नावेला बांधायची, बाकीचं जाळं त्या जिवाच्या खालून पाण्यात घालायचं, दुसरी कड वर घ्यायची आणि ओढायचं. म्हणजे जीव उचलावा लागत नाही. तो जाळ्यात लोळत लोळत आपोआप वर येतो. बाजू ठेंगणी मात्र पाहिजे, आणि नाव स्थिर.

मी पुन्हा पडलो. मामा पलीकडच्या डोंग्यात जाऊन बसले, निव्वळ वजन म्हणून. शालूने जाळ्याची कड बांबूला बांधली, गाठ दोनदा पाहिली. जाळं माझ्या पाठीखालून गेलं. तिने दुसरी कड खांद्यावरून घेतली, डोंग्याच्या तळाशी पाय रोवले, आणि मागे झुकली. मला आष्टीच्या पुलाखालचा माणूस आठवला. ती हातांनी ओढतच नव्हती.

मी अर्धा वर आलो आणि परत पाण्यात लोळलो. "घाई नोको करू," मामा तिकडून म्हणाले. दुसऱ्यांदा मी वळलो, आणखी वळलो, नाकातोंडात पाणी गेलं, बांबू पाठीत लागला, आणि अर्धी प्राणहिता बरोबर घेऊन मी डोंग्यात येऊन पडलो. उताणा. चष्म्याशिवाय वर फक्त निळं दिसत होतं, आणि त्यात शालूचं अस्पष्ट तोंड. ती हसते आहे असं मला वाटलं. माझ्या गालावर कोमट पाणी पडलं तेव्हा कळलं की ती रडत होती.

मामांनी तिच्याकडे ॲल्युमिनियमचा गंज, म्हणजे पातेलं, सरकवला. "डोंग्यातलं पानी काढ आधी," ते म्हणाले. ती रडत रडत पाणी उपसू लागली.

अहेरीचा बाजार

शनिवारी निघताना मामांनी ते जाळं गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकलं. मी नको नको म्हटलं. "पूल झाला आता, बकऱ्या कायले पडते पान्यात," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मग शालूला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, मामा काय म्हणाले? "सांगीन मंग," ती म्हणाली.

अहेरीत आठवडी बाजार भरला होता. मला चष्म्याशिवाय सगळा बाजार धुक्यातल्यासारखा दिसत होता: लाल मिरच्यांचे ढीग, सुकट, बांबूच्या टोपल्या, तेलुगू आणि गोंडी आणि आपली झाडीपट्टीची मराठी एकाच वेळी. एका पथारीवर शालूने मला एकामागून एक चष्मे लावून पाहिले. शेवटी एक जमला. दूरचं बरं दिसत होतं, जवळचं थोडं वाकडं. फ्रेम जांभळी होती. दुकानदार बाई म्हणाली, "शोभून राह्यला जी." तोच घेतला.

मिरच्यांच्या ढिगाजवळ उभा राहून मी दलालाला फोन लावला. सांगतो, वाईट वाटलं. त्या पांढऱ्या बोटीच्या नाकाशी बसून पाय हलवत समुद्र पाहणारा मी, असं चित्र मी दोन वर्षं मनात जपलं होतं. पण त्या चित्रात मी कधी पाण्यात नव्हतो, आणि बोटीवर एकटी शालू कधीच नव्हती. तसं चित्र मी काढलंच नव्हतं. दलालाला म्हटलं, मोठी दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्या, आम्ही लहान बघतो. तो म्हणाला, साहेब, विचार करा, ती दिसायला काही नाही. मी म्हटलं, मीही नाही.

शालू शेजारी मिरची निवडत होती. तिने वर पाहिलं नाही, पण पाव किलो मागितलेली मिरची अर्धा किलो घेतली. ती खूश झाली की असं करते.

शेवटी पाण्यात

पुढच्या आठवड्यात आम्ही परत गोव्यात होतो. लहान बोटीचा मालक म्हातारा, निवांत माणूस होता. त्याने कागद टेबलावर मांडले, मी जांभळा चष्मा चढवला, पेन उघडलं, आणि शालू म्हणाली, "थांबा."

तिने जाळं आणलं होतं. मालकाला आणि दलालाला वाटलं आम्ही मासेमारी करणार. मी जॅकेट चढवलं, चष्मा मालकाच्या हातात दिला आणि धक्क्याला बांधलेल्या त्या बोटीवरून खाडीत उडी मारली. दलाल ओरडला. शालूने कठड्याची साखळी काढली, जाळ्याची कड खुंट्याला बांधली, जाळं खाली सोडलं, पाय रोवले. पहिल्याच खेपेला मी लोळत वर आलो. गंजलेल्या, ठेंगण्या, एसटीच्या रंगाच्या त्या डेकवर पडून मी हसत होतो, आणि मला वाटलं झालं, आता सही.

शालूने माझं जॅकेट सोडवलं आणि स्वतः घातलं.

"काय करून राह्यली?" मी विचारलं.

"मामानं सांगतलं होतं," ती म्हणाली. "जवाई पडन हे त्याच्या ध्यानात आलं आता. पन पोरी, तू पडशीन हे त्याच्या ध्यानातच नाई."

खरं होतं. नदीवरच्या त्या सबंध सकाळी मला एकदाही सुचलं नव्हतं की पडणारी ती असू शकते आणि काढणारा मी. मी काही म्हणायच्या आत ती पाण्यात होती. डोळे मिटून, हात सैल सोडून, मेल्यासारखी. आणि मला एकदम कळलं की गेल्या आठवड्यात बेटावर ती हात उघडून काय पाहत होती. ते सोंग आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी गाठ घाईत मारली. एकदा गाठ सुटली. एकदा जाळं तिच्या पायाखालून निसटलं. मी खांदा आणि हातांनी ओढत राहिलो, मग मामांची बैठक आठवली, पाय रोवले आणि मागे झुकलो.

ती वर आली. केसांतून पाणी गळत होतं. तिने तोंडातलं पाणी थुंकलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "खारं आहे हो. पण नाव बरोबर आहे."

कागदांवर दोघांच्या ओल्या सह्या झाल्या. मालकाने टॉवेल दिले. शालूने धक्क्यावर बसूनच मल्लेशला फोन लावला, आणि त्याने तो मामांच्या कानाशी धरला असावा, कारण मागून कोंबड्यांचा आवाज आला.

"मामा, नाव घेतली."

"कोन पडलं होतं?" मामांनी विचारलं.

"आधी हे. मंग मी."

"दोघंबी वर आले?"

"आलो."

मामांनी ते मामीला ओरडून सांगितलं.

"मंग जा," मामा म्हणाले.